स्वादुपिंडाची टेस्ट

आमच्या गल्लीतले पुरुष शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हिंदुराव तात्या चमचा ठेवतात. स्टीलचा, लांब दांड्याचा, लखलखीत घासलेला. लग्नाला निघालेले असोत की दूध आणायला, खिशातून चमच्याची दांडी डोकावतेच. कुणी नवख्या माणसाने विचारलंच, "तात्या, हे काय?" तर तात्या खिशावर थाप मारून सांगतात, "हत्यार."

या हत्याराचं काम एकच. गल्लीत कुणाच्या घरी काही शिजायला लागलं की तात्या दारात हजर. बोलावणं लागत नाही. "काय टाकलंयसा?" असं ओरडत सरळ स्वयंपाकघरात शिरायचं, झाकण काढायचं, चमचा बुडवायचा, फुंकर मारायची आणि डोळे मिटून घ्यायचे. घरातली बाई पदराला हात पुसत निकालाची वाट बघते. निकाल तीनच असतात. "पास", "रिजेक्ट" आणि "रिवर्क". तात्यांचा सगळा जन्म कागलच्या एमआयडीसीत, एका फौंड्रीत, ओतकामाचे नग तपासण्यात गेला. चांगला नग पास, फुटका नग रिजेक्ट, आणि घासूनपुसून सुधारण्यासारखा असेल तर रिवर्क. नोकरी संपली, शब्द घरी आले.

शेजारच्या घरातल्या नव्या सुनेची पहिली आमटी त्यांनी रिजेक्ट केली तेव्हा ती पोरगी रडली आणि सासू गालातल्या गालात हसली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्याच सुनेचे पोहे "डबल पास!" म्हणून असे गाजवले की कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू गेलं. सासूचं हसू मावळलं. तात्यांचा न्याय असा.

चव घेऊन झाली की आणखी एक खोड. चमचा भांड्याच्या काठावर वाजवायचा. कधी एकदा, कधी दोनदा, कधी नुसताच काठावरून गोल फिरवायचा. तबलजी तबल्याची कड ठोकतो तसं. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी कसलं ना कसलं खूळ लागतंच. चार-पाच वर्षांपूर्वी ती तापाची साथ येऊन गेली, त्यानंतर हे खूळ लागलं. त्याआधी तात्या कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावल्याचं मला आठवत नाही.

बायका पाठीमागे त्यांना खादाड म्हणायच्या. काही तोंडावरही म्हणायच्या. तात्या छाती काढून उत्तर द्यायचे, "व्हय, हाय मी खादाड. पोट माजं हाय, तुमच्या बाऽचं न्हवं!"

गंमत म्हणजे या माणसाच्या घरातच गल्लीतला सगळ्यात चांगला हात होता. त्यांची बायको, हौसाकाकी. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची वेळ आली की सगळ्या गल्लीच्या मिरच्या काकींच्या अंगणात येऊन पडायच्या. आषाढात गल्लीचं मटणाचं जेवण असतं, तेव्हा रस्स्याचं पातेलं काकींशिवाय दुसरं कुणी चढवत नाही. काकी बोलायला कमी. सगळं बोलणं तात्यांनी उचललेलं.

आता माझा या सगळ्याशी संबंध काय, तर मी गल्लीच्या तोंडाशी रक्त तपासायची लॅब चालवते. पाटीवर लिहिलंय, "येथे सर्व प्रकारच्या टेस्ट होतील." तात्यांनी पहिल्या दिवशी ती पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "शुभे, म्हंजे आपुन दोघं एकाच धंद्यातली की. तुजी बी टेस्ट, माजी बी टेस्ट." मी डॉक्टर नाही हे शंभर वेळा सांगूनही ते मला डाक्टरीण म्हणतात. मला त्याचा राग येतो, हे कळल्यावर तर जास्तच म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तात्या लॅबमध्ये आले तेच वाकून. पोटात, बेंबीच्या वर दुखत होतं आणि कळ पाठीत जात होती. हौसाकाकींनी मागून ढकलत आणलं होतं. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर अमायलेज, लायपेज आणि रक्तातली चरबी तपासायला लिहून दिलं होतं.

"हे कशाचं म्हणायचं?" तात्यांनी कण्हत कण्हत विचारलं.

"स्वादुपिंडाच्या टेस्ट आहेत. हात पुढं करा."

कळ विसरून तात्या ताठ बसले. "काय म्हणालीस? स्वादु-पिंड? आयला, नाव काय फक्कड हाय! बघ गं हौसा, माजा पिंडच स्वादू हाय म्हणून मी सांगत हुतो."

मी सुई घातली. दुसरा इलाज नव्हता.

रक्ताची नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी राहतं. तात्यांची नळी मी बाहेर काढली आणि बघतच राहिले. खाली तांबडं आणि वर दुधासारखं पांढरंफेक. रक्तात इतकी चरबी साठली होती की पाण्याचा रंगच बदलला होता. मी घाबरले आणि चूक केली. नळी तात्यांना दाखवली.

तात्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी जन्मात विसरणार नाही. "तांबडा-पांढरा!" ते ओरडले. "अगं हौसा, बघ! रक्तात बी तांबडा-पांढरा रस्सा! ह्येला म्हणत्यात अस्सल कोल्हापूरकर! दे ती नळी, गल्लीत दावून येतो."

"तात्या, गप बसा! ही चरबी आहे. हिच्यामुळं स्वादुपिंड सुजतं."

मग मी त्यांना समजावलं. स्वादुपिंड जठराच्या मागे दडून बसलेलं असतं. अन्न पचवायचे रस ते तयार करतं आणि आतड्यात सोडतं. अमायलेज आणि लायपेज त्यातलेच. स्वादुपिंड सुजलं की हे रस भलत्या वाटेने रक्तात उतरतात आणि रक्तातले आकडे चढतात. तात्यांचं अमायलेज नॉर्मल आलं होतं. लायपेज मात्र साठच्या आत हवं ते नऊशेच्या पुढे होतं.

"एक पास, एक रिजेक्ट," तात्या म्हणाले. "म्हंजे रिवर्क. घरी जातो, ओवा खातो."

"नाही. रक्तात एवढी चरबी असली की अमायलेजचा आकडा फसवा येतो. शिवाय अमायलेज लाळेतूनही येतं, त्यामुळं त्याचा भरवसा कमीच."

"लाळंतनं?" तात्यांनी तेवढंच नेमकं पकडलं. "मग हे सगळं लाळंचंच हाय. सकाळी शेजारी मटण टाकलतं. वास आला, तोंडाला पाणी सुटलं. तेच मोजलंयस तू."

"लायपेज लाळेतून येत नाही, तात्या! ते स्वादुपिंडाचंच."

तात्यांनी रिपोर्ट हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. फौंड्रीत ड्रॉइंग तपासायचे तसा. मग बोट ठेवून म्हणाले, "हितं साठ लिवलंय. हे माप कुठल्या माणसावरनं घेतलं?"

"म्हणजे?"

"म्हंजे पुण्याच्या मानसावरनं घेतलं असणार. त्यो वरणभातावर तूप सोडतोय आन् वर साखर खातोय. त्येला साठ बराबर हाय. कोल्हापूरच्या गड्याला साठ? माप चुकलंय. नग बराबर हाय."

मला इतका राग आला होता की आकडा किती मोठा त्यावरून आजार किती मोठा ते ठरत नाही, दुखणं आणि रिपोर्ट दोन्ही मिळून डॉक्टर ठरवतात, तुम्ही आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, हे सगळं मी एका दमात बोलले. तात्या उठले. "दवाखाना बिवाखाना काय न्हाय. आज गल्लीत बारशाचं जेवण हाय, रस्सा हौसा करणार हाय. मला जायाच पायजे."

"खाण्यासाठी जीव देताय का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना शिवीच दिली. खिशातला चमचा नीट केला आणि निघून गेले. काकी मान खाली घालून मागोमाग गेल्या. कट्ट्यावर तासाभरात बातमी फिरली की तात्यांनी साठपैकी नऊशे पाडले. एकाने तर मला येऊन विचारलं, बोर्डात आले का म्हणून.

दुपारी बारशाच्या मांडवात, चमचा तोंडात घातलेला असतानाच तात्या कोसळले.

दवाखान्यात त्यांचं तोंड बंद केलं. पाण्याचा घोटसुद्धा नाही, नुसती सलाईन. डॉक्टरांनी दारूचं विचारलं तेव्हा तात्या अंगावर धावून गेले, कारण उभ्या जन्मात त्यांनी दारूला हात लावलेला नाही. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नव्हते. मग दोष राहिला तो रक्तातल्या चरबीकडे. मी भेटायला गेले तर तात्या सलाईनच्या बाटलीकडे डोळे वटारून बघत पडले होते.

"त्यात काय असतंय गं?"

"मिठाचं पाणी."

"नुस्तं? फोडणी न्हाय?" त्यांनी मान फिरवली. "रिजेक्ट."

जाताना मला जवळ बोलावून दम दिला, "गल्लीत काय सांगायचं न्हाय. पित्त झालतं म्हणून सांग. हिंदुरावचं पोट बिघडलं म्हणून कुणी हसलेलं मला खपणार न्हाय."

त्याच दिवशी दुपारी मी हौसाकाकींकडे डोकावले. त्यांची मुलगी गडहिंग्लजहून येऊन तात्यांजवळ बसली होती, काकी कपडे न्यायला घरी आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "जेवल्याबिगर जायाचं न्हाय. आमटी केलीया." कोल्हापूरच्या बाईला यावर नाही म्हणायची सोय नसते. मी बसले.

पहिला घास घेतला आणि माझे डोळे पांढरे झाले. आमटी खारट नव्हती, नुसतं मीठ होतं. हौसाकाकींची आमटी! मी वर बघितलं. काकी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर माझ्या हातातल्या चमच्यावर होती.

"ठोक की," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मीठ कमी असलं तर येकदा ठोक. तिखट कमी असलं तर दोनदा. जमलं असलं तर काठावरनं फिरीव."

मी चमचा हातात धरून बसले. मग हळूच विचारलं, "आणि जास्त झालं असलं तर?"

काकींचा चेहरा पडला. "त्येला खूण न्हाय गं. हे घरात हुतं तवा कधी जास्त झालंच न्हाय."

मग काकी बोलल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा इतकं बोलल्या. त्या साथीत दोघांना एकदमच ताप आला होता. दोघांचीही चव गेली, वास गेला. "ह्यांची जीभ पंधरा दिसांत माघारी आली. माजी आलीच न्हाय. खोबरं भाजून काळं झालं तरी मला कळंना. मी म्हणालो, आता मला कोण चुलीजवळ उभं करतंय? तर हे म्हणालं, घरात येक जीभ हाय न्हवं? दोघांत पुरवू."

"मग गल्लीभर हिंडून सगळ्यांच्या भांड्यात चमचा कशाला?"

"नुस्त्या माज्याच भांड्यात घातला असता तर बायकांनी वळखलं असतं. म्हणून सगळ्यांच्या घालत्यात. मी सांगितलं, लोक तुमास्नी खादाड म्हणत्यात. तर म्हणालं, म्हणू देत, तुला तर काय म्हणत न्हाईत."

मला रडू आलं. आमटी खारट झाल्याचं निमित्त करून मी तांब्याभर पाणी प्यायले आणि डोळे पुसले. खाण्यासाठी जीव देताय का, असं मी त्या माणसाला विचारलं होतं. राग आला तो स्वतःचा, आणि त्याहून जास्त तात्यांचा. एवढं मोठं कारण होतं तर बोलायला काय झालं होतं? पण बोलले असते तर ते हिंदुराव तात्या कसले?

तात्या घरी आले ते निम्मे होऊन. तेल बंद, मटण बंद, रस्स्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या कटाचं तर नावही काढायचं नाही. पुन्हा असा झटका आला तर वाचायची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आषाढातलं गल्लीचं जेवण तोंडावर आलं होतं.

"औंदा मी करत न्हाय," काकी म्हणाल्या.

"तूच करायचं!" तात्या कडाडले. "आन् चमचा मीच घालणार."

काकींनी मला सगळं सांगितलंय हे तात्यांना आता ठाऊक होतं. मी म्हणाले, चव मी घेते, काठावर मी ठोकते. तात्यांनी लगेच माझी परीक्षा घेतली. तीन वाट्यांत आमटी आणून ठेवली आणि मीठ कशात कमी ते सांग म्हणाले. मी तिन्ही वाट्या संपवल्या आणि मधली म्हणाले. मीठ तिन्हींत सारखंच होतं. "रिजेक्ट," तात्या शांतपणे म्हणाले. "हिला रक्तातलंच मीठ कळतंय."

"मग एक करा," मी चिडून म्हणाले. "चव घ्या, गिळू नका. थुंका आणि चूळ भरा."

तात्या उभे राहिले. आजारपणानंतर इतका मोठा आवाज त्यांनी प्रथमच काढला. "हौसाचा रस्सा थुंकू? गल्लीसमोर? त्यापरीस मला न्हेऊन पंचगंगेला पोचवा!" आणि दाराबाहेर बोट दाखवलं. मी निघाले. रक्त पुन्हा तपासायला या म्हटलं तर तेही येणार नाही म्हणाले.

जेवणाचा दिवस उजाडला. गल्लीच्या मधोमध तीन दगडांवर भलं मोठं पातेलं चढलं होतं. काकी घामाने निथळत पळी फिरवत होत्या. पोरंबाळं, बायका, म्हातारे, सगळी गल्ली भोवती गोळा झाली होती. मी अगदी पुढे जाऊन उभी राहिले, वेळ आली तर तात्यांच्या हातातला चमचा हिसकावून घ्यायचा या तयारीने.

तात्या इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशातनं चमचा काढला, बुडवला, फुंकर मारली, तोंडात घातला. डोळे मिटले. घोळवताहेत, घोळवताहेत. आता गिळणार.

त्यांनी डोळे उघडून एकदा काकींकडे बघितलं. मग वळले, गटारापाशी गेले आणि सगळ्या गल्लीसमोर थुंकले.

मग मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, थुंकलं! बिघडला वाटतं रस्सा!" दुसरी म्हणाली, "हौसाकाकीचा? आता काय खायाचं मग?" काकींची पळी हातातल्या हातात थांबली. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"कोण म्हणालं रं बिघडला?" तात्या गर्रकन वळले. "रस्सा पास हाय! रिजेक्ट मी हाय!"

त्यांनी स्वतःच्या पोटावर फाडकन थाप मारली. "ह्यो नग फुटका निघालाय. पित्तबित्त काय झालं न्हवतं मला. स्वादुपिंड सुजलंय माजं. ह्या लॅबवालीनं सांगितलतं, मी आयकलं न्हाय. आता गिळायची बंदी हाय, म्हणून थुंकतोय. उद्या बी थुंकणार, परवा बी थुंकणार. कुणाला हसायचंय? या पुढं!"

कुणीही पुढे आलं नाही. हिंदुरावचं पोट बिघडलं हे कुणाला कळू नये म्हणून मला दम देणारा हा माणूस भर गल्लीत आपल्या पोटाची दवंडी पिटत होता आणि सगळी माणसं त्याच्या पोटाकडे बघत होती. पातेल्याकडे, काकींकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. तात्या पातेल्यापाशी आले आणि चमचा काठावर वाजवला. एकदाच.

काकींनी मूठभर मीठ टाकून पळी फिरवली. तात्यांनी पुन्हा चव घेतली, पुन्हा ताठ मानेने जाऊन थुंकले, चूळ भरली. मग चमचा काठावरून गोल फिरवला. पंगती बसल्या. तात्या कट्ट्यावर मऊ भात आणि ताक घेऊन बसले, आणि रस्सा वाढणाऱ्या पोरांवर ओरडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबचं शटर वर केलं तर पायरीवर तात्या बसलेले. उपाशीपोटी, न बोलावता. आत आले, खुर्चीत बसले, बाही वर सारली. "काढ," म्हणाले.

पुण्याचं माप नाही, लाळ नाही, काही नाही. मी रक्त काढलं, कापूस दाबला. हात दुमडून ते बसून राहिले. उठेनात.

"शुभे," त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. तात्यांचा खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तू पंगतीला हुतीस न्हवं? शेवटाला टाकलेलं मीठ सगळीकडं लागलतं का? तळाला बसलं तर न्हवतं? मी आपलं वरचंच चाखलं, ताटातलं मला काय कळलं न्हाय. रातभर दोघं बी त्योच इचार करतोय."

"पास, तात्या," मी म्हणाले. "डबल पास."

त्यांनी डोळे मिटले. चव घेताना मिटतात तसेच. मग उठले आणि चमचा खिशात नीट बसवला.

"जातो. हिला सांगतो," म्हणाले. "दारात उभी असंल."